म्युझियममधले रोमन सम्राट: नेहमी पडणारे प्रश्न आणि जमतील तशी उत्तरं

रोमच्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये सम्राटांची एक खोली आहे. भिंतीला लागून वर-खाली दोन रांगांत नुसती डोकी मांडलीयत, साठाच्या वर, आणि बहुतेक लोक तिथून दोन मिनिटांत बाहेर पडतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा, बाहेर ऊन असतं, पाय दुखत असतात आणि सगळी डोकी सारखीच वाटतात. ज्यांना त्या खोलीत दोनाऐवजी वीस मिनिटं थांबायचंय त्यांच्यासाठी हे पान.

सगळे एकसारखेच दिसतात, ओळखायचं कसं?

चेहरा सोडा, केस बघा. मस्करी नाही करत, जगभरचे तज्ज्ञ हेच करतात, कपाळावरच्या बटा मोजतात. ऑगस्टसच्या कपाळावर एका जागी बटा 'व्ही'सारख्या फाकतात आणि शेजारी दोन बटा चिमट्यासारख्या समोरासमोर वळतात. हा पॅटर्न दिसला की चेहरा कितीही वेगळा वाटला तरी ऑगस्टस असण्याची शक्यता मोठी. नीरोचे केस कपाळावर झालर लावल्यासारखे आणि खाली डबल चिन. व्हेस्पॅसियन टकला. हेड्रियनला दाढी. मार्कस ऑरेलियसचं डोकं भरगच्च कुरळं आणि पापण्या झोप आल्यासारख्या जड. सेप्टिमियस सेव्हेरसच्या बऱ्याच पुतळ्यांत कपाळावर चार वळलेल्या बटा लोंबतात. आणि बारीक केसांचा कोणी कपाळाला आठ्या घालून, मान वळवून, आता मारतोच तुला असं बघत असेल तर तो कॅराकॅला. नेपल्सच्या म्युझियममधला त्याचा अर्धपुतळा बघाच, त्याची नजर चुकवावीशी वाटते.

पण खाली नाव कोरलेलं नसतं का?

असायचं, पण डोक्यावर नाही, चौथऱ्यावर. चौथरा राहिला एका गावात, डोकं गेलं दुसऱ्या, मधे हजार-दीड हजार वर्षं, त्यामुळे आज बहुतेक डोकी बिननावाची आहेत. मग नाणी कामाला येतात, कारण नाण्यावर बाजूने काढलेला चेहरा असतो आणि गोल फिरवून नाव लिहिलेलं असतं. नाणं हातात घेऊन पुतळ्याच्या नाकाशी नाक जुळवायचं हा उद्योग युरोपात पाचएकशे वर्षं चाललाय. म्हणून लेबलवर 'बहुधा', 'मानला जातो' असे शब्द असले तर वैतागू नका, ते लेबल प्रामाणिक आहे. तिसऱ्या शतकातल्या एखाद्या चार महिन्यांच्या सम्राटाचं नाव ठणकावून लिहिलेलं दिसलं तर उलट जरा शंका घ्या. इ.स. २३८ या एकाच वर्षात सहा जणांनी सम्राटपद भोगलं, त्यांचे शिल्पकार काय धावले असतील!

एवढ्या मोठ्या साम्राज्यात सगळीकडे तोच चेहरा पोचायचा कसा?

रोममध्ये एक मूळ नमुना तयार व्हायचा, त्याचे प्लास्टरचे किंवा मातीचे साचे प्रांतोप्रांती जायचे आणि तिथले कारागीर मापं घेऊन दगडात उतरवायचे, असा अंदाज आहे. सरकारी हुकूमनामा काही हाताला लागलेला नाही, पण इजिप्तमधली आणि स्पेनमधली बट जुळते म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार. एकट्या ऑगस्टसची दोनशेच्या वर डोकी आज शिल्लक आहेत.

तरी माल सगळीकडे एक नंबर नसायचा. एरियन नावाचा अधिकारी इ.स. १३१ च्या आसपास काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर ट्रॅपेझसला गेला, तिथे त्याला हेड्रियनचा पुतळा दिसला, आणि त्याने थेट हेड्रियनलाच कळवलं की पुतळ्याची जागा चांगली आहे, हात समुद्राकडे दाखवतोय, पण तो तुमच्यासारखा दिसत नाही आणि सुंदर पण नाहीये, तेव्हा चांगलासा एक पाठवून द्या. आणि फ्रोंटो हा मार्कस ऑरेलियसचा गुरू आपल्या शिष्याला पत्रात लिहितो की तुझी चित्रं सावकारांच्या पेढ्यांवर, दुकानांत, खिडक्यांत, जिकडे तिकडे लागलीयत, बहुतेक भिकार काढलेली, तरी दिसली की मला हसू येतं. चौकातल्या फ्लेक्सवर साहेबांचा ओढूनताणून गोरा केलेला फोटो बघून आपल्याला जे होतं तेच.

ऑगस्टस म्हातारा झालाच नाही का?

झाला की. इ.स.पू. ६३ चा जन्म, इ.स. १४ मध्ये गेला, म्हणजे शहात्तरीला महिना बाकी. पण पुतळ्यात तो कायम तिशी-पस्तिशीचा. सगळ्यात प्रसिद्ध पुतळा १८६३ मध्ये रोमबाहेर प्रिमा पोर्टाला, त्याची बायको लिव्हिया हिच्या बंगल्याच्या जागेवर सापडला, आता व्हॅटिकन म्युझियममध्ये आहे, दोन मीटरपेक्षा थोडा उंच. छातीवरच्या चिलखतावर मधोमध एक पार्थियन (म्हणजे रोमच्या पूर्वेकडच्या, इराणकडच्या शत्रुराज्याचा) माणूस रोमन सैन्याचं निशाण परत देतोय, ही इ.स.पू. २० ची गोष्ट, लढाई न करता वाटाघाटीने मिळवलेली, पण चिलखतावर कोरल्यावर तिचा रुबाब विजयाचाच. पायाशी डॉल्फिनवर बसलेला छोटा क्युपिड, व्हीनस देवीचा मुलगा, आहे, तो दोन कामं करतो, एक म्हणजे आमचं घराणं व्हीनसचं असं सुचवतो आणि दुसरं म्हणजे एवढ्या जड दगडाला टेकू देतो.

सुएटोनियस हा सम्राटांची चरित्रं लिहिणारा रोमन लेखक मात्र लिहितो की ऑगस्टसचे दात बारीक, विरळ आणि खराब होते आणि उंच दिसावं म्हणून तो जाड तळव्याचे जोडे घालायचा. पुतळ्याला तोंड मिटलेलं, पाय अनवाणी. घ्या!

मग व्हेस्पॅसियन एवढा सुरकुतलेला का दाखवलाय?

कारण तेच त्याच्या फायद्याचं होतं. नीरो मेल्यावर इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले, व्हेस्पॅसियन चौथा आणि टिकलेला. त्याला लोकांना सांगायचं होतं की मी नीरोसारखा सजूनधजून गाणी म्हणणारा नाही, मी साधा, कष्टाळू, शिपाईगडी आहे. म्हणून टक्कल, सुरकुत्या, आवळलेले ओठ सगळं ठेवलं. 'हे खरं पोर्ट्रेट आणि ऑगस्टसचं खोटं' असं पुष्कळ जण म्हणतात, मला ते पटत नाही, दोन्ही जाहिरातीच आहेत, फक्त एजन्सी वेगळी. त्याचा चेहरा म्हणे सतत जोर लावत असल्यासारखा असायचा. एका विनोदवीराला तो म्हणाला, माझ्यावर काहीतरी कर की जोक, तर तो म्हणाला, करतो, आधी तुमचं पोट साफ होऊन जाऊ दे. हेही सुएटोनियसच सांगतो. पुतळ्यासमोर उभं राहून हे आठवलं की झालं.

सगळ्यांची नाकं का तुटलेली?

नाक सगळ्यात पुढे असतं, पुतळा तोंडावर पडला की आधी तेच जातं. काही मुद्दाम फोडलेली असतात, पण प्रत्येक तुटक्या नाकामागे कट शोधू नका. ज्यांची नाकं सुंदर शाबूत दिसतात तिथे खरं जपून बघा, ती बरेचदा सतराव्या-अठराव्या शतकात नवीन बसवलेली असतात. विसाव्या शतकात आवड बदलली आणि म्युझियमनी ही जोडकामं काढून टाकली. कोपनहेगनच्या न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेकमध्ये अशी काढलेली नाकं एका कपाटात मांडून ठेवलीयत, त्याला 'नासोथेक' म्हणतात, म्हणजे नाकांचं ग्रंथालय!

एका सम्राटाचं डोकं घासून दुसऱ्याचं केलं असं ऐकलं, खरं का?

अगदी खरं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच.

नावडता सम्राट मेला किंवा मारला गेला की त्याचे पुतळे उतरवायचे, नाव शिलालेखांतून खरवडायचं. याला आज 'डॅम्नाशिओ मेमोरिए' म्हणतात, ऐकायला अस्सल रोमन वाटतं पण हा शब्दप्रयोग सतराव्या शतकातला आहे. आता संगमरवर महाग, कारागिरीला पैसे पडलेले, टाकून कोण देणार? मग छिन्नी घ्यायची आणि कॅलिगुलाचा क्लॉडियस करायचा, नीरोचा व्हेस्पॅसियन करायचा, डोमिशियनचा नर्व्हा करायचा. दगडात आत जाता येतं, बाहेर येता येत नाही, त्यामुळे नवा चेहरा कायम जुन्यापेक्षा लहान. नीरो गुबगुबीत होता हे पुढच्यांचं नशीबच, तासायला माल भरपूर. शर्टाची कॉलर उलटी करून शिवतात ना, तसला प्रकार.

पकडायचं कसं? कान डोक्याच्या मानाने मोठे दिसतात, चेहरा आत बसल्यासारखा वाटतो आणि मानेवर मागच्या बाजूला जुन्या माणसाचे केस तसेच राहिलेले असतात, कारण मागे कोण बघतंय. व्हॅटिकनमध्ये कॅन्चेलेरिया नावाचे उठावदार शिल्पपट आहेत, त्यात एका जागी डोमिशियनचा नर्व्हा केलाय, धड एका मापाचं आणि डोकं दुसऱ्या, एकदा लक्षात आलं की डोळ्यांना तेच खुपत राहतं.

लाकडावरचं उदाहरण याहून वाईट. बर्लिनला एक गोल फळी आहे, फूटभर व्यासाची, इजिप्तमधून आलेली, साधारण इ.स. २०० ची. तीवर सेप्टिमियस सेव्हेरस, बायको जूलिया डोम्ना आणि दोन मुलं असा फॅमिली फोटो रंगवलाय. त्यातल्या एका मुलाचा चेहरा खरवडून काढलाय. तो गेटा. बाप गेल्यावर इ.स. २११ मध्ये थोरल्या कॅराकॅलाने त्याला आईच्या कुशीत मारवलं आणि मग साम्राज्यभर त्याचं तोंड आणि नाव पुसायला लावलं. सम्राटांची रंगवलेली चित्रं ढिगाने असणार, पण लाकूड टिकत नाही, त्यामुळे ही फळी जवळजवळ एकटीच उरलीय, आणि उरली ती पण अशी.

असं आपल्याकडे कधी झालं का?

थेट तसंच नाही पण जवळचं आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांच्या वर नाणी, क्षत्रप राजा नहपानाची, एका बाजूला त्याचा चेहरा. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय, नहपानाच्या तोंडावरच. नहपान हरला हे सांगायला त्याचंच नाणं वापरलं. काही नाण्यांवर ठशाखालून नाक-हनुवटी अजून डोकावते.

सम्राट नागडे का?

ते कपडे नसणं हाच एक पोशाख समजा. ग्रीक देव आणि वीर असे दाखवायची रीत होती, तीच उचलली. सम्राटाचं खरं अंग असंच होतं असा कोणाचाही दावा नव्हता. तरी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधला ट्रेबोनियानस गॅलस बघाच, ब्राँझचा, २.४१ मीटर, छाती पैलवानाची आणि वर एवढंसं त्रासलेलं डोकं. इ.स. २५१ ते २५३ त्याने राज्य केलं आणि सैनिकांनीच मारलं, म्हणजे तो त्रास खोटा नसावा.

काहींच्या डोळ्यांत बुबुळं आहेत, काहींचे डोळे कोरे. का?

तारीख ओळखायला ही सगळ्यात सोपी खूण. आधी बुबुळं रंगवायचे, रंग गेला, डोळे कोरे राहिले. हेड्रियनच्या काळात, इ.स. १३० च्या आगेमागे, बुबुळं दगडातच कोरायला लागले. म्हणजे कोरे डोळे असतील तर बहुधा आधीचा, कोरलेले असतील तर नंतरचा. दुसरी खूण म्हणजे अर्धपुतळा कुठे संपतो ती. सुरुवातीला गळ्याच्या हाडापाशीच संपायचा, मग छाती आली, खांदे आले, पुढे दंडसुद्धा.

हेड्रियनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या कानाच्या पाळीकडे बघा, तिरकी घडी असते. अशी घडी आणि हृदयविकार यांचा संबंध असू शकतो असं काही डॉक्टरांनी म्हटलंय. एवढ्या वेगवेगळ्या पुतळ्यांत ती घडी आहे म्हणजे मूळ नमुन्यातच असणार आणि ती काढून टाका असं कोणी म्हटलं नाही.

हे सगळे पांढरेच होते का?

नाही, रंगवलेले होते. केस, ओठ, डोळे, झग्याची किनार, सगळं. प्रिमा पोर्टाच्या ऑगस्टसवर निळ्या-लाल रंगाच्या खुणा आहेत, कोपनहेगनच्या कॅलिगुलाच्या डोळ्यांच्या कडेला रंग शिल्लक आहे. इजिप्शियन ब्लू नावाचा निळा रंग डोळ्याला दिसेनासा झाला तरी खास कॅमेऱ्यात चमकतो, त्यावरून आज बरंच कळतं. रंगवून केलेल्या प्रतिकृती मात्र बऱ्याच लोकांना भडक वाटतात, मलाही आधी गणपतीच्या कारखान्यातल्यासारख्या वाटल्या. पण आपण रंगवलेल्या मूर्तींमध्ये वाढलो, आपल्याला तरी धक्का बसायचं कारण नाही.

ब्राँझचे एवढे कमी का?

वितळवले म्हणून. धातूची किंमत पुतळ्यापेक्षा जास्त काळ टिकते. जे वाचले ते अपघाताने. मार्कस ऑरेलियसचा घोड्यावरचा पुतळा मध्ययुगात वाचला कारण लोक त्याला कॉन्स्टंटाइन, म्हणजे पहिला ख्रिश्चन सम्राट, समजत होते. चुकीच्या ओळखीने जीव वाचला! १५३८ मध्ये तो कॅपिटोलाइन टेकडीवर आणला, १९८१ मध्ये दुरुस्तीसाठी उतरवला, आता खरा म्युझियमच्या आत काचेच्या छताखाली आहे आणि चौकात आहे ती प्रतिकृती. बरेच लोक प्रतिकृतीसोबत सेल्फी काढून निघून जातात.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दोन आहेत. एक हेड्रियनचं डोकं, १८३४ मध्ये थेम्स नदीतून निघालेलं. दुसरं ऑगस्टसचं, १९१० मध्ये सुदानमध्ये मेरोईला सापडलेलं. कुश या इजिप्तच्या दक्षिणेकडच्या राज्याच्या लोकांनी रोमच्या ताब्यातल्या इजिप्तवर धाड टाकून ते तोडून नेलं आणि एका मंदिराच्या पायरीखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊन जाईल. आणि पुरल्यामुळेच ते इतकं छान राहिलं, काच आणि दगडाचे डोळेसुद्धा जागच्या जागी. अपमान करायला गेले आणि जतन झालं.

राण्यांचे पुतळे बघावेत का?

बघावेत काय, आधी तेच बघा. केशरचना दर पिढीला बदलते म्हणून तारीख पटकन लागते. लिव्हियाच्या कपाळावर केसांची गुंडी, फ्लेव्हियन काळात (व्हेस्पॅसियन आणि त्याच्या मुलांच्या) पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा उंच कुरळा डोंगर (कॅपिटोलाइनमधला फोन्सेका बस्ट बघा, ती राणी होती की नाही पक्कं नाही पण केस राणीचे), जूलिया डोम्नाला दोन्ही बाजूंनी हेल्मेटसारखे जड केस. हे सगळे विग असणार असं विद्वान बरीच वर्षं धरून चालले होते. मग बाल्टिमोरच्या एका हेअरड्रेसर बाईंनी डोक्यावर प्रत्यक्ष करून दाखवलं की सुई-दोऱ्याने केस शिवले तर खऱ्या केसांत हे जमतं, आणि २००८ मध्ये त्यांचा लेख पुरातत्त्वाच्या नामांकित जर्नलमध्ये छापून आला.

शेवटी शेवटी सम्राट माणसासारखे दिसतच नाहीत, असं का?

कारण इ.स. ३०० च्या सुमारास माणूस दाखवायचाच नव्हता, पद दाखवायचं होतं. व्हेनिसला सेंट मार्क चर्चच्या कोपऱ्यावर जांभळ्या पोर्फिरी दगडाचे चार सम्राट एकमेकांना मिठी मारून उभे आहेत (तेव्हा चौघं मिळून राज्य चालवायचे), कोण कोण ते सांगता येत नाही आणि तोच मुद्दा आहे, चौघं एक. ते १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणले. त्यातल्या एकाचा पाय नव्हता, तो तुकडा विसाव्या शतकात इस्तंबूलच्या खोदकामात सापडला आणि तिथल्याच म्युझियममध्ये आहे. मग कॉन्स्टंटाइन, त्याचं नुसतं डोकं अडीच मीटरच्या आसपास, डोळे वर लागलेले. १४८६ मध्ये तुकडे सापडले, ते कॅपिटोलाइनच्या अंगणात आहेत, आणि २०२४ मध्ये त्यावरून १३ मीटरचा अख्खा पुतळा बनवून शेजारच्या बागेत बसवलाय. तुकडे बघताना आकार कळत नाही, तो बघितला की मान दुखते.

हे पुतळे चोरीचे असतात का?

काही होते. तुर्कस्तानात बुबोन म्हणून जागा आहे, तिथे सम्राटांच्या ब्राँझ पुतळ्यांचं एक दालन होतं, १९६० च्या दशकात ते लुटलं गेलं आणि पुतळे अमेरिका-युरोपात विखुरले. गेल्या काही वर्षांत ते परत जायला लागलेत. क्लीव्हलँड म्युझियमकडे मार्कस ऑरेलियस समजला जाणारा एक बिनडोक्याचा पुतळा होता, त्यावर कोर्टकचेरी झाली, शेवटी २०२५ मध्ये तो तुर्कस्तानला गेला. कोपनहेगननेही सेप्टिमियस सेव्हेरसचं डोकं परत द्यायचं कबूल केलं. लेबलच्या तळाशी 'खरेदी, १९६७' एवढंच असेल आणि कुठून सापडलं ते नसेल तर तेवढं नसणंच पुरेसं बोलकं आहे.

भारतात बघायला मिळतात का?

मोठे संगमरवरी सम्राट नाहीत, पण सम्राटांचे चेहरे ढिगाने आले, नाण्यांवरून. ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी दक्षिण भारतात भरपूर सापडलीयत. १८९८ मध्ये पुदुकोट्टैला ५०१ सोन्याची नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे, कदाचित चलनातून बाद करायला. दख्खनमध्ये लोकांनी टायबेरियसच्या नाण्यांच्या मातीच्या नकला करून गळ्यात घातल्या, बहुतेक दागिना म्हणून. रोममध्ये ज्याचा धाक तो इथे लॉकेट. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ब्राँझची सुबक मूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, पण तो पोसायडन आहे, समुद्राचा देव, सम्राट नाही, तिथे जाऊन हुज्जत घालू नका.

रोममध्ये अर्धाच दिवस आहे, कुठे जाऊ?

पालाझ्झो मासिमो हे म्युझियम. टर्मिनी स्टेशनच्या समोरच आहे, व्हॅटिकनसारखी गर्दी नसते, आणि तिथे डोक्यावरून पदर घेतल्यासारखा ऑगस्टस आहे, मुख्य पुरोहिताच्या वेशातला, १९१० मध्ये व्हिया लाबिकानाला सापडलेला.

फोटो काढू देतात का?

बहुतेक ठिकाणी हो, फ्लॅश बंद ठेवून. पण समोरून काढलात की झाला एकदा, समोरचा फोटो नेटवर हजारो आहेत. डोकं भिंतीपासून सुटं असेल तर मागे जा. कधी मागची बाजू नुसती ओबडधोबड सोडलेली दिसते कारण पुतळा कोनाड्यात उभा राहणार होता, कधी लोखंडी खिळ्याचं भोक असतं, आणि कधी मानेवर, नवीन सम्राटाच्या कानामागे, जुन्या सम्राटाच्या दोन-चार बटा तशाच राहिलेल्या असतात.